खुंट सोडण्याआधी

"माणसं किती उतरली ट्रकमधून?" सायमीनं विचारलं.

"दोन," टौनो म्हणाला.

"मग खिळ्यावर टोपी एकच कशी?"

टौनोच्या शेजारी करड्या रंगाची मऊ हॅट घातलेला एक उंच पाहुणा गळ्यात कॅमेरा लटकवून उभा होता आणि आमच्या खाडीकडे कौतुकानं पाहत होता. आम्ही या परक्या देशात येऊन वसलेली फिन्निश माणसं, आणि बोलणं आमच्याच भाषेत चाललेलं असल्यामुळे आपल्याच डोक्याविषयी चर्चा सुरू आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

मी खाली पाण्यात, तराफ्याच्या एका कडेला, ओंडक्यावर पाय रोवून उभा होतो. वरून ओंडके पाण्यात पडले की आकडीच्या काठीनं ते ओढून तराफ्यात लावायचे हे माझं काम. मुद्दाम इतका बाजूला उभा राहायचो की ट्रकच्या शेपटाकडून त्याच्या दोन्ही अंगांचं मला दिसावं. पाण्यावरून आवाज छान येतो. धक्क्यावर कुणी पुटपुटलं तरी मला कळे, आणि न कळलेलं मी मनानं भरून काढी.

आमच्याकडचे ट्रक म्हणजे चाकांवरचा नुसता पाट. त्याच्या दोन्ही कडांना लोखंडी खुंट उभे असतात आणि दोन खुंटांच्या मधे ओंडके रचायचे. हेमलॉक, देवदार, एकेक ओंडका माणसापेक्षा उंच. डोंगरातून उतरताना सगळा भार त्या खुंटांवर. धक्क्याला आलं की पाण्याकडचे खुंट सोडायचे. पण सोडणारा माणूस मात्र डोंगराच्या अंगाला उभा असतो. खुंटांच्या खटक्यांच्या तारा ट्रकच्या पोटाखालून अलीकडे आणलेल्या असतात. त्या दांड्याला अडकवून दांडा ओढला की खटके सुटतात, पलीकडचे खुंट आडवे पडतात आणि सगळा ढीग गडगडत समुद्रात जातो.

हा दांडा सायमी रिंतालाच्या हातात होता. आमच्या त्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर दांड्याशी बाई उभी आहे असा दुसरा धक्का नव्हता. बाहेरची माणसं यायची, हसायची. आम्हीही हसायचो, पण ते आमचं आपसातलं. तिला आम्ही 'खिळेवाली' म्हणायचो आणि तिला ते माहीत होतं.

"त्याला सांग, टोपी काढून खिळ्यावर लाव," सायमी म्हणाली.

टौनोनं पाहुण्याकडे वळून इंग्रजीत सांगितलं, "माझी वहिनी म्हणते, तुमची हॅट फार छान आहे."

पाहुण्यानं हॅट जराशी उचलून सायमीला अभिवादन केलं आणि परत डोक्यावर चढवली.

"मी असं म्हटलं नाही," सायमी म्हणाली. "एवढं इंग्रजी मलाही येतं, टौनो."

हा पाहुणा, प्रुएट त्याचं नाव, दक्षिणेकडच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस होता. शेजारच्या खोऱ्यातली सगळी तोड कुणाला द्यायची ते ठरवायला तो आला होता. टौनोचा कारभार म्हणजे दोन जुने ट्रक, एक धक्का आणि आम्ही मोजकी माणसं. त्या खोऱ्याचं काम मिळालं असतं तर आमच्या पोरांच्याही पोटापाण्याची सोय झाली असती. आणि प्रुएटला पाहायचं होतं एवढंच, की ही छोटी माणसं बोलल्या वेळेला माल देतात की नाही. तराफा जवळजवळ भरला होता. एवढा एक ट्रक रिकामा झाला की तराफ्याचं तोंड बांधायचं आणि भरतीच्या पाण्यावर खाडीच्या चिंचोळ्या मुखातून तो बाहेर न्यायचा. तराफा ओढून न्यायला टगबोट कधीची येऊन थांबली होती आणि तिचा कप्तान भोंगा वाजवून आमचे कान खात होता.

टौनोनं पाहुण्यासाठी रानात कामाला घालतात तसली पत्र्याची टोपी आणली होती. ती त्याला घट्ट झाली, म्हणून त्यानं ती ट्रकमध्येच काढून ठेवली होती. एवढ्याशा गोष्टीनं सगळं अडलं.

आता टोपीचं काय प्रकरण, ते सांगायला मागे जावं लागेल.

उर्हो, म्हणजे सायमीचा नवरा, आणि टौनो हे सख्खे भाऊ. लढाई संपल्यावर दोघांनी मिळून लष्कराचा टाकाऊ ट्रक घेतला. उर्हो ट्रक चालवायचा, टौनो धक्क्यावर दांडा धरायचा. ओंडक्यांवरून एक साखळी आवळलेली असते. खुंट सोडायच्या आधी ती सोडावी लागते, आणि सोडली की तिचं एक टोक पाण्याच्या बाजूला लोंबतं. ढिगाबरोबर साखळी समुद्रात गेली तर गेलीच. म्हणून प्रत्येक ड्रायव्हरला खोड असते, जाता जाता तिकडे वळून साखळी ओढून घ्यायची. दोन पावलांचं काम. आमच्या धंद्यात माणसं झाड अंगावर पडून मरतात, तार तुटून मरतात आणि या साखळीपायी मरतात.

त्या दिवशी उर्होनं तारा अडकवल्या, टौनोशेजारी येऊन उभा राहिला, कॉफीवरून काहीतरी बोलला. टौनो हसला. मग खटक्यांकडे पाहून त्यानं दांडा ओढला. मधल्या तेवढ्यात उर्होला साखळी आठवली होती.

"आत्ता तर इथं होता," एवढंच टौनो दिवसभर म्हणत राहिला. "माझ्या शेजारीच होता. आत्ता तर होता."

उर्होची पत्र्याची टोपी धक्क्यावर गरगरत जाऊन एका दगडाला टेकली होती. तिला साधा पोचाही नव्हता.

त्यानंतर टौनो धक्क्याला यायचा, दांड्यापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. हात उचलतच नव्हता. आम्ही आळीपाळीनं कशीबशी कामं उरकत होतो. अशाच एका सकाळी सायमी उतारावरून खाली आली. डोक्यावर उर्होची टोपी, हातात हातोडा, दातांत खिळे. कुणाशी काही न बोलता तिनं दांड्याशेजारच्या खांबावर एक खिळा ठोकला, सगळ्यात वर. मग त्याच्याखाली आणखी काही ठोकले.

"आजपासून दांडा मी धरणार," ती म्हणाली. "टौनो, तू ट्रक चालव. दांड्याला तुझा हात लागायची गरज नाही, कधीच नाही. आणि ऐका सगळे. ट्रकमधून जो उतरेल त्यानं इथं माझ्याकडं यायचं आणि टोपी खिळ्याला लावायची. कुठं जायचं असलं तर टोपी घेऊन जायची. खिळ्यावर टोपी नसली तर मी ओढणार नाही."

"आणि टोपी खिळ्यावर ठेवून कुणी गेला तर?" मी विचारलं. तेव्हाही मला मधे तोंड घालायची सवय होतीच.

"विल्हो, तू बोडक्यानं दहा पावलं चालून दाखव," ती म्हणाली.

मी टोपी काढली, खिळ्याला लावली आणि निघालो. लगेच माझा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि मी थबकलो. रानात काम करणाऱ्याला टोपीशिवाय अंगावर कपडे नसल्यासारखं वाटतं. टोपी जिथं आहे तिथं माणूस आहे. तिनं घरी बसून, रडून झाल्यावर, एवढा नेमका विचार केला होता.

गावानं जीभ सैल सोडली. "नवरा गेला त्याच जागी रोज उभी राहते, बाई आहे की दगड," असं माझी आईच म्हणाली. पण मला दिसत होतं ते आईला कुठून दिसणार. टौनोला पुन्हा कधी तो दांडा धरावा लागू नये म्हणून ही बाई तिथं उभी होती. दिराला तिनं शब्दानं दोष दिला नाही. त्याच्या हातातलं ओझं उचलून आपल्या हातात घेतलं आणि वर त्याला ओरडायचा हक्कही घेतला, "टौनो, टोपी वाकडी लावलीस."

आणि काम? काम तिनं असं केलं की आम्ही परक्या धक्क्यावरच्या माणसांना मुद्दाम बोलावून दाखवायचो. ट्रक यायच्या आधी ती शेडमध्ये चुलीपाशी बसून मोजे विणायची. ट्रक आला की विणकाम खिशात. तारा लावल्या की ती प्रत्येक खटक्यावरून बोट फिरवून पाही, वंगण आहे ना, कुठे कडा उभी राहिली नाही ना. पुढचा आणि मागचा खुंट एकाच क्षणी पडायला हवा. एक आधी पडला तर ढीग तिरका फिरतो आणि ओंडके थेट माझ्या दिशेनं येतात. तिच्या हातून खुंट पडले की आवाज नेहमी एकच यायचा, दोन कधीच नाही. मी खालून काठी उंच करायचो, म्हणजे पाण्यात सगळं मोकळं आहे. ती काठी पाही, खिळे पाही, मग ओढी. वरचा खिळा मात्र रिकामाच असायचा. त्यावर टोपी लावायची कुणाची छाती नव्हती. तिची स्वतःची टोपी, म्हणजे उर्होची, ती कामावर कधीच काढत नसे. ओढणाऱ्याची टोपी डोक्यावरच राहणार.

तर अशा बाईपुढे प्रुएटसाहेब हॅट घालून उभे होते.

आता मात्र टौनोनं त्याला खरं काय ते सांगितलं. पाहुणा हसला. "बाई, मी तुमच्यासमोर उभा आहे. हा काय, इथं. दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसता," सायमी मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "टोपी."

"मी इथून हलणार नाही. शब्द देतो."

"शब्द नको. टोपी."

त्याचं हसू मावळलं. तो वाईट माणूस नव्हता, पण नोकरांसमोर बोडकं व्हायची त्याला सवय नसावी. शिवाय डोक्यावरचे केसही फारसे राहिले नव्हते, हे नंतर कळलं. टगबोटीचा भोंगा पुन्हा वाजला. माझ्या पायाखालचा ओंडका किंचित फिरला आणि मला कळलं की भरती थांबली आहे.

"वहिनी," टौनो तिच्या अगदी जवळ जाऊन म्हणाला, "पाणी उतरायला लागेल आता. अख्ख्या खोऱ्याचं काम आहे. तो तुझ्या डोळ्यापुढं आहे. मी आहे, विल्हो आहे, सगळे बघतायत. एकदा. फक्त एकदा सोड."

"एकदाच तर झालं होतं," सायमी म्हणाली.

हे ती कधी बोलली नव्हती. इतक्या वर्षांत कधीच नाही. टौनोचा चेहरा पांढरा पडला आणि मग लालबुंद झाला. लाज आणि राग एकाच माणसात शिरले की तो काय करील याचा नेम नसतो.

"बाजूला हो," तो म्हणाला. "ट्रक माझा आहे. धक्का माझा आहे. मी ओढतो."

आणि त्यानं खिळ्यावरची आपली टोपी काढून डोक्यावर आदळली नि दांड्यावर हात ठेवला.

सायमीनं आपला हात काढून घेतला. ट्रकच्या शेपटाला वळसा घालून ती पाण्याच्या बाजूला आली आणि खुंटांच्या खाली, ढिगाच्या पुढ्यात, तोंड वर करून उभी राहिली. उर्हो सापडला ती जागा मला चांगली माहीत होती. ती त्याच जागी उभी होती.

"ओढ," ती म्हणाली.

मी काठी केव्हाच खाली टाकली होती. वर टौनोचा हात दांड्यावर होता. त्याचं बोट जरी हललं तरी तार हलली असती, खटका हलला असता. मग टौनोनं एकेक बोट उचलून हात सोडवला आणि तो तिथंच चिखलात खाली बसला.

पाहुण्याला भाषा येत नव्हती. पण त्यानं टौनोकडे पाहिलं, ट्रकच्या पलीकडच्या शांततेकडे पाहिलं आणि सावकाश हॅट काढली. तो उंच होता, त्याचा हात सरळ वरच्या रिकाम्या खिळ्याकडे गेला.

"त्यावर नको, साहेब!" मी इंग्रजीत ओरडलो. "खालच्या!"

त्यानं निमूटपणे खालच्या खिळ्याला हॅट लावली. टौनोनं उठून आपली टोपी काढून तिच्याशेजारी अडकवली. सायमी परत वळसा घालून वर गेली. तिनं दोन्ही टोप्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं. मी काठी उचलून उंच केली. खुंट पडले, आवाज एकच आला, आणि सगळा ढीग सरळ रेषेत पाण्यात उतरला. इतकं सुंदर काम मी परत पाहिलं नाही, आणि त्याचं कौतुक करायला त्या दिवशी कुणाला तोंड नव्हतं.

मी तराफ्याचं तोंड बांधेपर्यंत पाणी उलटलं. कप्तानानं एक लांब भोंगा दिला आणि तो रिकामाच निघून गेला. प्रुएटही आपल्या लाँचमधून गेला, बोडक्यानं. हॅट खिळ्यावरच राहिली. पुढे ते खोरं दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. भरतीमुळे गेलं की हॅटमुळे, ते कंपनीनं कधी कळवलं नाही. सायमीनं हॅट ब्रशनं झाडली, कागदात नीट गुंडाळली आणि टपालाच्या बोटीनं पाठवून दिली. काही दिवसांनी त्याच्याकडून एक फोटो आला. फोटोत सायमीचा चेहरा हलला होता, पण खांब आणि खिळे स्वच्छ आले होते. वरचा रिकामा खिळासुद्धा.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. आमच्यात भांडण कितीही मोठं असलं तरी शनिवारचा सौना, म्हणजे तापलेल्या दगडांवरच्या वाफेची अंघोळ, चुकत नाही. टौनो आणि मी गरम दगडांसमोर बसलो होतो. दारावर टकटक झाली.

"कपडे आहेत का अंगावर?" बाहेरून सायमीचा आवाज.

"सौन्यात कुणाच्या अंगावर असतात, वहिनी," टौनो म्हणाला. धक्क्यावरून आल्यापासूनचं त्याचं ते पहिलं वाक्य.

"मग आत येत नाही. वेलदोड्याचा पाव पायरीवर ठेवलाय. आणि एक ऐक. टोपी लावायला लावली, ते बरोबर होतं. पुढेही लावायला लावीन. पण तिथं जाऊन उभी राहिले ते चुकलं माझं."

टौनो म्हणाला, "मी ओढीन असं वाटलं तुला?"

"नाही. ओढणार नाहीस हे ठाऊक होतं, म्हणून तर गेले. तेच वाईट होतं."

टौनोनं दगडांवर पाण्याचा तांब्या ओतला. वाफ इतकी उसळली की आम्ही दोघं एकमेकांना दिसेनासे झालो. तो रडत होता की घाम होता ते मी विचारलं नाही. थोड्या वेळानं बाहेर तिच्या जाण्याची पावलं वाजली.

सोमवारपासून सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. "टौनो, टोपी वाकडी लावलीस." "बरी आहे की, वहिनी." कामं आली, गेली, आम्ही छोटेच राहिलो. तिच्या दांड्याखाली कुणाचं बोटही कधी चेंगरलं नाही. मी इतकी वर्षं तिच्यासमोर पाण्यात उभा राहिलो आणि आज म्हातारा होऊन हे सांगतो आहे, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मला देता येत नाही.

मग डोंगरापलीकडून मोठा रस्ता आला. ट्रक तिकडच्या आवारात जायला लागले. तिथं एक अजस्र यंत्र अख्खा ढीग चिमटीत धरून वरूनच उचलतं. खुंट सोडायचे नाहीत, खटका नाही, दांडा नाही. आमच्या धक्क्याला काम उरलं नाही. शेवटचा ट्रक टौनोनंच आणला. हेमलॉकचे ओंडके, मध्यम, फार मोठे नव्हेत. माणसं पाहायला जमली होती. कुणीतरी कॉफी आणली होती. सायमीचा खांदा तोवर फार दुखायला लागला होता, पण ते ती कुणाला सांगत नसे.

टौनो उतरला, तारा लावल्या, टोपी आपल्या खिळ्याला लावली आणि तिच्या शेजारी उभा राहिला. सायमीनं खटक्यांवरून बोट फिरवलं. दांड्यावर हात ठेवला. मी काठी उंच केली.

तिनं ओढलं नाही. ती टौनोकडे वळली.

"टोपी घाल," ती म्हणाली.

"का?"

"ओढणाऱ्याची टोपी डोक्यावर असते."

टौनोला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं नकारार्थी मान हलवली. तिनं वाद घातला नाही. दोन्ही हातांनी डोक्यावरची उर्होची टोपी काढली. तिचे केस आम्ही धक्क्यावर कधी पाहिले नव्हते. ते पांढरे झाले होते आणि टोपीखाली दबून चपटे बसले होते. ती टाचा उंचावून उभी राहिली आणि टोपी तिनं वरच्या खिळ्याला लावली. मग दांड्यापासून हातभर अंतरावर, टौनोच्या शेजारी, उघड्या डोक्यानं उभी राहिली.

"मी इथं आहे," ती म्हणाली. "ओढ, टौनो."

माझे हात भरून आले होते, तरी मी काठी खाली केली नाही. टौनोनं आपली टोपी डोक्यावर घातली. दांडा धरला. त्यानं वरच्या खिळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा एकदा खिळ्याकडे पाहिलं आणि दांडा ओढला.